सहा टोकांच्या चांदणीचे गणित : बगदाद, सह्याद्री आणि औरंगाबाद

कड दिली असता क्षेत्रफळ काढणे हे शाळेतले गणित झाले. कारागिरापुढे प्रश्न नेहमी उलटा येतो. भिंत केवढी आहे हे आधीच ठरलेले असते आणि जाळीत चांदण्या किती बसवायच्या हे बांधून घेणारा सांगतो. म्हणजे एका चांदणीच्या वाट्याला किती जागा येणार ते आपोआप ठरून जाते. परंतु पाथरवटाला दगडावर क्षेत्रफळ आखता येत नाही. त्याला हवी असते लांबी. परकार किती उघडायचा आणि छिन्नी कोठून कोठवर न्यायची, हे कळल्याशिवाय त्याचा हात चालत नाही.

प्रस्तुत लेखात हा एकच छोटा प्रश्न घेतला आहे. सहा टोकांच्या चांदणीचे क्षेत्रफळ माहीत असेल तर तिची कड किती? नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला तो सुटण्याजोगा आहे. मात्र तो सोडविण्यास लागणारी साधने ज्यांनी घडविली त्यांचा मागोवा घेत गेलो तर आपण ख्वारिज्मीपासून भास्कराचार्यांपर्यंत आणि शेवटी औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या दारापाशी येऊन पोहोचतो. 'अरबांचे गणित' आणि 'हिंदूंचे गणित' अशा दोन बंद पेट्या करून इतिहास शिकविण्याची आपल्याकडे सवय पडली आहे. ती सवय बरोबर नाही, हे सांगण्यासाठी मोठमोठ्या सिद्धान्तांची गरज नाही, ही एक आकृती पुरेशी आहे, असे माझे मत आहे.

आकृती आणि तिच्यातील दोन फसव्या जागा

दोन समभुज त्रिकोण घ्यावेत, एक सुलटा आणि एक उलटा, आणि ते एकमेकांवर असे ठेवावेत की त्यांचे मध्य एकाच ठिकाणी येतील. सहा टोकांची चांदणी तयार होते. आतले रेघांचे जाळे पुसून टाकले की बाहेरच्या सीमेवर बारा समान कडा उरतात. या बारापैकी एक कड म्हणजे आपल्याला हवी असलेली लांबी.

विद्यार्थी येथे दोन ठिकाणी हमखास चुकतात. पहिली चूक अशी की मोठ्या त्रिकोणाची बाजू हीच चांदणीची कड समजली जाते. वस्तुतः मोठ्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू दुसऱ्या त्रिकोणामुळे तीन समान भागांत तुटते. मधला भाग चांदणीच्या पोटात जातो आणि कडेचे दोन भाग सीमेवर राहतात. म्हणून मोठी बाजू कडेच्या तिप्पट असते. दुसरी चूक क्षेत्रफळाची. दोन त्रिकोण आहेत म्हणून दोघांची क्षेत्रफळे मिळविली जातात आणि मधला षट्कोन दोनदा मोजला जातो.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मोजणे. मधल्या षट्कोनाचे सहा लहान समभुज त्रिकोण होतात आणि बाहेरची सहा टोके म्हणजे तसेच आणखी सहा. एकूण बारा, आणि प्रत्येकाची बाजू चांदणीच्या कडेइतकी. दुसऱ्या वाटेनेही पडताळा येतो. मोठ्या त्रिकोणात असे नऊ लहान त्रिकोण मावतात, दोघांत अठरा, त्यांतून दोनदा मोजलेल्या षट्कोनाचे सहा एकदा वजा केले की बाराच राहतात. समभुज त्रिकोणाचे क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाच्या √३/४ पट असते, म्हणून

चांदणीचे क्षेत्रफळ = १२ × (√३/४) × कडेचा वर्ग = ३√३ × कडेचा वर्ग.

३√३ म्हणजे ५.१९६१५. उलट जायचे तर क्षेत्रफळाला ५.१९६१५ ने भागावे आणि वर्गमूळ घ्यावे. क्षेत्रफळ १०० असेल तर भागाकार १९.२४५ येतो आणि कड ४.३८७ निघते. एवढेच गणित आहे. आजच्या मुलाला त्यासाठी गणकयंत्राची तीन बटणे पुरतात. परंतु √३ ही संख्या कोणत्याही अपूर्णांकात पूर्ण बसत नाही, आणि बटणे नव्हती तेव्हा या अडचणीवर ज्याने त्याने आपापल्या परीने उपाय केला. इतिहास सुरू होतो तो येथून.

त्रेचाळीस आणि थोडेसे

नवव्या शतकात बगदादमध्ये खलिफा मामून (कारकीर्द ८१३–८३३) याच्या काळात मुहम्मद बिन मूसा अल्-ख्वारिज्मी याने 'अल्-जब्र व अल्-मुकाबला' या विषयावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. बीजगणिताला 'अल्जिब्रा' हे युरोपीय नाव त्यावरून पडले, हे सर्वश्रुत आहे. त्या ग्रंथात मोजणीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. ग्रंथ कोणासाठी लिहिला हे ग्रंथकाराने प्रास्ताविकातच नमूद केले आहे. वारसा, वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालव्यांची खोदाई करणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, ही त्याची अपेक्षा होती.

या मोजणीच्या प्रकरणात दहा बाजूचा समभुज त्रिकोण येतो. ख्वारिज्मी उंचीचा वर्ग ७५ काढतो, त्यावरून क्षेत्रफळ १८७५ चे वर्गमूळ ठरवतो आणि ते त्रेचाळीस व काही अंश आहे, असे सांगून पुढे जातो. ही '१८७५ च्या मुळाची' संख्या त्याच्याही आधीची आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने मोजणीवरील आपल्या ग्रंथात हेच दहा बाजूचे उदाहरण घेऊन उत्तर त्रेचाळीस पूर्णांक एक तृतीयांश दिले होते. म्हणजे समभुज त्रिकोणाचे क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाच्या १३/३० पट.

हेरॉनचा हा १३/३० आपल्या चांदणीला लावून पाहावा. बारा त्रिकोण, म्हणून १२ × १३/३०, म्हणजे २६/५, म्हणजे ५.२. वर्गमुळाचा काटा निघून गेला. क्षेत्रफळाला पाचाने गुणावे, सव्वीसने भागावे आणि आलेल्या संख्येचे मूळ घ्यावे. ५२० क्षेत्रफळाची चांदणी असेल तर कड बरोबर दहा. खरे उत्तर १०.००४ आहे. दगडकामात एवढी चूक छिन्नीच्या धारेतच हरवते.

बगदादमधील बैठका

तथापि, हिशेब जमणे आणि आकृती जमणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने सर्वांत स्पष्टपणे ओळखले तो गणिती म्हणजे अबुल वफा अल्-बूझजानी. त्याचा जन्म इ. स. ९४० मध्ये खुरासानातील बूझजान येथे झाला. ९५९ मध्ये तो बगदादला आला आणि तेथेच त्याचे आयुष्य गेले. त्रिकोणमितीतील त्याचे कार्य मोठे आहे. मला मात्र त्याचा दुसरा एक ग्रंथ अधिक मोलाचा वाटतो. कारागिराला भूमितीतील कोणत्या रचना लागतात, एवढ्यावरच लिहिलेले हे पुस्तक आहे. त्यात सिद्धता फारशा नाहीत. आहे ती कृती : अमुक बिंदूवर परकार ठेवा, अमुक रेघ ओढा, काम झाले. अनेक रचना परकाराचे तोंड एकदा उघडून, पुढे ते न हलविता करून दाखविल्या आहेत. ज्याने ढिल्या खिळ्याचा परकार वापरला आहे त्याला यामागचे शहाणपण सांगावे लागणार नाही.

आपली चांदणी तर परकाराच्या एका उघडण्याचीच लेक आहे. वर्तुळ काढा, तोच परकार परिघावर फिरवा, सहा खुणा पडतात. एक सोडून एक खूण जोडली की एक त्रिकोण, उरलेल्या तीन जोडल्या की दुसरा.

बगदादमध्ये भूमितिज्ञ आणि कारागीर यांच्या एकत्र बैठका होत असत आणि तो त्यांत हजर होता, असे अबुल वफाने नोंदविले आहे. एका बैठकीत तीन समान चौरसांचा मिळून एक चौरस कसा करावा, हा प्रश्न निघाला. भूमितिज्ञांनी लगेच रेघ ओढून नव्या चौरसाची बाजू दाखविली, पण तीन फरश्या कापून एक कशी जोडायची हे त्यातून कळेना, म्हणून कारागीर समाधानी झाले नाहीत. कारागिरांनी आपापल्या कापण्याच्या युक्त्या सांगितल्या. त्यांतल्या काही डोळ्याला बरोबर दिसत होत्या, परंतु भूमितीच्या कसोटीला उतरत नव्हत्या. अबुल वफाने दोन्ही पक्षांना त्यांची उणीव दाखविली. भूमितिज्ञाला सत्य कळते पण हाताचा सराव नसतो. कारागिराचा हात तयार असतो, पण नजरेला पटले की तो थांबतो.

मग त्याने स्वतःची रीत दिली. दोन चौरस कर्णावर कापून चार काटकोन त्रिकोण करावेत. प्रत्येकाचे निमुळते टोक तिसऱ्या चौरसाच्या एकेका कोपऱ्यावर आणि कर्ण त्या चौरसाच्या कडेला लावून ठेवावा. मग चौघांचे काटकोनाचे कोपरे सरळ रेघांनी जोडावेत. रेघेबाहेर आलेले तुकडे कापले की ते आतल्या मोकळ्या जागांत नेमके बसतात. सिद्धताही झाली आणि फरशीही जुळली.

तीन चौरसांच्या या प्रश्नाचा आपल्या चांदणीशी थेट संबंध आहे. चांदणीच्या मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर, म्हणजे तिच्या वर्तुळाची त्रिज्या, कडेच्या √३ पट असते. म्हणजे कडेवर काढलेले तीन चौरस एकत्र केले तर त्रिज्येवरचा चौरस होतो. बैठकीतला प्रश्न सोडविला की कडेवरून परकाराचे उघडणे हाती येते. आपल्याकडे यज्ञवेदी रचणाऱ्यांनीही हा प्रश्न सोडविला होता. बौधायन शुल्बसूत्रात तिप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाच्या बाजूला 'त्रिकरणी' असे नाव आहे. चांदणीची त्रिज्या ही तिच्या कडेची त्रिकरणी होय. दोन भाषा, दोन कामे, परंतु दोरी एकाच लांबीची.

यातून आणखी एक सुंदर गोष्ट निघते. त्रिज्येचा वर्ग घेतला तर चांदणीचे क्षेत्रफळ त्याच्या फक्त √३ पट भरते. मग क्षेत्रफळ संख्येत न देता एखाद्या चौरसाच्या रूपात दिले, म्हणजे 'या फरशीएवढी चांदणी काढून दे' असे म्हटले, तर एकही आकडा न लिहिता काम होते. फरशीच्या खालच्या कोपऱ्यातून तीस अंशांची रेघ वर न्यावी. ती समोरच्या उभ्या बाजूला जेथे भेटते तेथवरची उंची घ्यावी. ही उंची आणि फरशीची बाजू एका सरळ रेघेत जोडून ठेवावी, त्या संपूर्ण रेघेवर अर्धवर्तुळ काढावे आणि जोडावर लंब उभा करावा. लंब अर्धवर्तुळाला भेटेपर्यंत जेवढा उंच जातो तेवढी चांदणीची त्रिज्या. बाकी काम परकार करतो आणि कड आपोआप आखली जाते. यात युक्लिडच्या सहाव्या पुस्तकातील एक रचना वापरली आहे. युक्लिडची अरबी भाषांतरे नवव्या शतकातच झाली होती. पुढे १२४८ मध्ये नसीरुद्दीन तूसी याने युक्लिडची जी नवी मांडणी केली तिचाच अठराव्या शतकात सवाई जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राटाने 'रेखागणित' या नावाने संस्कृत अवतार सिद्ध केला. या जाण्यायेण्याची दुसरी बाजू थोडी पुढे येते.

समरकंदबद्दल थोडक्यात. तेथे उलुगबेगाच्या पदरी असलेल्या जमशेद अल्-काशी याने १४२७ मध्ये 'मिफ्ताहुल हिसाब' पूर्ण केला आणि त्यात कमानी, घुमट व मुकर्नस यांच्या मोजणीसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. बांधकामावर किती साहित्य लागेल, हा त्यामागचा हेतू. काशीची अचूकता प्रसिद्ध आहे. तो साठाच्या मानाने अपूर्णांक लिहीत असे. त्याच्या पद्धतीने आपला ३√३ हा गुणक लिहायचा तर ५ पूर्णांक, ११ साठांश, त्याचे ४६ आणि त्याचेही ९ असा होतो. हेरॉनच्या ५.२ ची चूक येथे हजारपटींहून अधिक घटते, पण जाळी कोरणाऱ्याला तेवढ्या अचूकतेची गरज नव्हती.

एक लाख वीस हजार व्यासाचे वर्तुळ

आता सह्याद्रीकडे वळू. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० चा. त्याचाच 'लीलावती' हा पाटीगणिताचा भाग. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे यादव काळातील शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. एखाद्या गणितग्रंथाच्या शिकवणीसाठी मठ निघावा, ही गोष्ट शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

'लीलावती'त वर्तुळाच्या आत बसणाऱ्या समभुज आकृतींच्या बाजू देणारे गुणक आहेत. व्यास १,२०,००० मानला तर आतल्या त्रिकोणाची बाजू १,०३,९२३, चौरसाची ८४,८५३ आणि षट्कोनाची बरोबर ६०,०००. पुढे नवकोनापर्यंतचे आकडे आहेत. √३ चे नाव न घेता भास्कराचार्यांनी ते १,०३,९२३ या पूर्णांकात बांधून टाकले आहे, कारण १,०३,९२३ ला ६०,००० ने भागले की १.७३२०५ येतात.

चांदणीचा मोठा त्रिकोण हा त्याच वर्तुळातला त्रिकोण आहे आणि कड त्याच्या बाजूचा तिसरा हिस्सा आहे. १,०३,९२३ ला तीनाने भागून पाहा. बाकी काही उरत नाही, ३४,६४१ येतात. म्हणजे १,२०,००० व्यासाच्या वर्तुळातील चांदणीची कड ३४,६४१. मी हा भागाकार प्रथम केला तेव्हा, खरे सांगायचे तर, दोनदा तपासून पाहिला. भास्कराचार्यांच्या मनात चांदणी होती असे मला सुचवायचे नाही. तथापि त्यांच्या कोष्टकातून ती इतकी स्वच्छ बाहेर पडते की कोणाही पाथरवटाला तोंडपाठ करता यावी.

दोन भाऊ

हे ज्ञान फारसीत कसे गेले, हा या लेखाचा मुख्य भाग आहे. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती'चे फारसी भाषांतर केले. ते पुष्कळांना ठाऊक असते. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने, हिजरी १०४४ म्हणजे इ. स. १६३४–३५ मध्ये, भास्कराचार्यांच्याच 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर झाले आणि ते शाहजहानला अर्पण करण्यात आले. भाषांतरकाराचे नाव अताउल्लाह रशीदी. १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेची याने 'बीजगणिता'चे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले ते याच फारसी प्रतीवरून. कोलब्रुकचे संस्कृतवरून केलेले भाषांतर त्यानंतर चार वर्षांनी, १८१७ मध्ये आले. म्हणजे सह्याद्रीतल्या या गणितज्ञाचे बीजगणित इंग्रजी वाचकाच्या हाती आधी पोहोचविले ते अताउल्लाहने.

हा अताउल्लाह कोण? तो उस्ताद अहमद लाहौरी यांचा मुलगा. ताजमहाल आणि दिल्लीचा लाल किल्ला यांचे मुख्य स्थपती म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते हेच उस्ताद अहमद (मृत्यू १६४९). त्यांच्या कर्तृत्वाची साक्ष दुसऱ्या मुलाच्या, लुत्फुल्लाह 'मुहंदिस' याच्या काव्यात मिळते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मौलाना सय्यद सुलेमान नदवी यांनी ते हस्तलिखित अभ्यासकांपुढे आणले. लुत्फुल्लाहने स्वतः बहाउद्दीन आमिली यांच्या 'खुलासतुल हिसाब' या अरबी गणितग्रंथाला फारसी रूप दिले. हा ग्रंथ हिंदुस्थानातील मदरशांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविला जात होता. एका घरात एक भाऊ संस्कृतातून आणि दुसरा अरबीतून गणित फारसीत आणीत होता, आणि दोघांचा पिढीजात व्यवसाय इमारती उभारण्याचा होता. अबुल वफाच्या बैठकीतले दोन्ही पक्ष येथे एकाच छपराखाली राहत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे दिलरस बानू बेगमच्या कबरीवर जो मकबरा उभा आहे, त्याला लोक 'दख्खनचा ताज' म्हणतात आणि लगेच मूळ ताजशी तुलना करून त्याला उणे ठरवितात. ही तुलना करताना प्रवेशद्वाराच्या धातूच्या पत्र्यावरील कोरीव नावे कोणी वाचत नाही. तेथे स्थपती म्हणून अताउल्लाहचे आणि त्याच्यासोबत हंसपतराय याचे नाव आहे. सन हिजरी १०७१, म्हणजे इ. स. १६६०–६१. हा स्थपती आणि 'बीजगणिता'चा भाषांतरकार एकच, असे इतिहासकार मानतात. भास्कराचार्यांच्या मठाचे पाटण येथून फार दूर नाही. मधे अजिंठ्याचे डोंगर तेवढे आहेत. ज्याचा ग्रंथ तरुणपणी फारसीत आणला त्याच्या मुलखाच्या वेशीवर येऊन अताउल्लाहने पंचवीस वर्षांनंतर इमारत बांधली.

लुत्फुल्लाहचे नावही दगडावर आहे, पण माळव्यात. मांडू येथे होशंगशहाची (मृत्यू १४३५) संगमरवरी कबर आहे. तिच्या दरवाजाच्या चौकटीवर हिजरी १०७० (इ. स. १६५९) चा छोटासा लेख आहे. शाहजहानचे मेमार उस्ताद अहमद यांचा मुलगा लुत्फुल्लाह मुहंदिस, ख्वाजा जादूराय, उस्ताद शिवराम आणि उस्ताद हमीद असे चौघे जण येथे दर्शनाला आले, अशी ती नोंद. दोन शतकांपूर्वीच्या, नाव न उरलेल्या कारागिरांचे काम पाहायला मोगल दरबारचे चार जाणकार मुद्दाम वाट वाकडी करून आले. इंदूरचे वाचक तेथे सहज जाऊ शकतात. सहलीला गेलेल्या मुलांना राणी रूपमतीची गोष्ट सांगून झाल्यावर ही चार नावेही वाचून दाखवावीत.

जाळीचा अर्धा हिस्सा

चांदणी इमारतीवर कोठे दिसते, असे विचारले तर दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याकडे बोट दाखवावे लागेल. १५७० च्या सुमारास पूर्ण झालेल्या या इमारतीच्या मोठ्या कमानींच्या खांद्यांवर सहा टोकांच्या ठसठशीत चांदण्या आहेत. १९४८ मध्ये इस्राएलच्या ध्वजावर ही आकृती आल्यापासून आपल्याकडे तिला पाहून काही जण बिचकतात. मुस्लिम जगात तिला सुलेमानी मोहोर म्हणत, हिंदू यंत्रांत ती षट्कोण म्हणून पूजेला बसते, आणि यहुदी समाजानेही ती शतकानुशतके वापरली. परकाराच्या सहा पावलांतून उमटणारी आकृती कोणा एकाच्या मालकीची असणे शक्यच नव्हते.

जाळीत किंवा फरसबंदीत अशा चांदण्या टोकाला टोक लावून मांडल्या की मधे उरणाऱ्या प्रत्येक जागेचा नियमित षट्कोन होतो, आणि त्याची बाजू चांदणीच्या कडेएवढीच. दर चांदणीमागे असे दोन षट्कोन पडतात. चांदणीत बारा लहान त्रिकोण, दोन षट्कोनांत मिळूनही बारा. म्हणजे सबंध जाळीचा बरोबर अर्धा हिस्सा चांदण्यांचा. आरंभी म्हटलेला कारागिराचा उलटा प्रश्न येथे पुरता सुटतो. समजा, जाळी पंचवीस चौरस हात आहे आणि चांदण्या चोवीस बसवायच्या आहेत (काठावरच्या अर्ध्या चांदण्या अर्ध्या मोजाव्यात). 'लीलावती'च्या मानाने हाताचे अंगुळे चोवीस, म्हणून जाळी १४,४०० चौरस अंगुळे. तिचा अर्धा ७,२००, चोवीसने भागून एका चांदणीला ३००. आता पाचाने गुणून सव्वीसने भागा, मूळ घ्या : ७.५९६ अंगुळे. अचूक उत्तर ७.५९८. फरक केसाच्या जाडीपलीकडे जात नाही.

विजापूरच्या गोल घुमटात हीच कल्पना सहाऐवजी आठ टोकांवर गेली आहे. मुहम्मद आदिलशहाच्या (मृत्यू १६५६) या मकबऱ्यात सुमारे ४१ मीटर लांबी-रुंदीच्या दालनावर आठ कमानी एकमेकींना छेदत जातात. त्यांचा आराखडा जमिनीवर उतरविला तर एकमेकांवर फिरवून ठेवलेले दोन चौरस दिसतात. अशा चांदणीचे क्षेत्रफळ कडेच्या वर्गाच्या ८ + ४√२, म्हणजे सुमारे १३.६६ पट येते. तेथे √३ ची जागा √२ घेतो, बाकी रीत तीच. बेळगाव भागातील शिक्षकांनी तो गुणक विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावा.

सहा टोकांच्या चांदणीसाठी मात्र क्षेत्रफळही लागत नाही. कोणतीही नीट आखलेली चांदणी घ्या आणि टेपने एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा. त्याला ३४,६४१ ने गुणा आणि १,२०,००० ने भागा. अंतर बारा इंच असेल तर कड ३.४६ इंच येईल. मग टेप कडेला लावून पाहा.